५० हजारांचं अनुदान आणि गळकं छप्पर: सीमाभागातल्या एका सरकारी मराठी शाळेचं प्रकरण

हे २०२२-२३ सालचं. गावाचं, माणसांचं नाव देत नाही, तालुकाही सांगत नाही, घाटाकडची एक सरकारी मराठी शाळा एवढंच धरा. मी तेव्हा तिथं प्रभारी मुख्याध्यापक होतो, म्हणजे वर्गही घ्यायचा आणि ऑफिसही बघायचं. नंतर बदली झाली. बेळगाव आणि चिकोडी दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतले हेडमास्तर आणि एसडीएमसीची (शाळा विकास व देखरेख समितीची) माणसं भेटली की बोलणं शेवटी ह्या अनुदानावरच येतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

पार्श्वभूमी

पहिली ते सातवी, १०८ मुलं, चार शिक्षक आणि एक अतिथी शिक्षक. चार खोल्या, त्यातल्या दोन स्लॅबच्या आणि दोन जुन्या मंगळूरी कौलांच्या. पाऊस जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पडतो तसलाच, जूनमध्ये सुरू झाला की गणपतीपर्यंत छत्री मिटायला मिळत नाही. त्या दोन कौलारू खोल्यांत जुलैमध्ये मुलं भिंतीकडंला सरकून बसायची आणि मधे बादल्या ठेवलेल्या असायच्या. चौथीचं आणि सहावीचं असं दोन महिने चालायचं.

समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेचं जे शाळा अनुदान येतं, ज्याला आपण कॉम्पोझिट ग्रँट म्हणतो, ते पटावर ठरतं. ३१ ते १०० मुलं असली तर २५ हजार, १०१ ते २५० असली तर ५० हजार, त्याच्या वर १००० पर्यंत ७५ हजार. त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. बाकीच्यातून किरकोळ दुरुस्ती, लाईट बिल, खडू-रजिस्टर, मोडलेल्या वस्तू बदलणं चालतं. आमचा पट १०८, म्हणजे ५० हजाराच्या रेषेच्या जेमतेम वर. आठ मुलं गेली की अनुदान निम्मं होणार हे मला तेव्हाही माहीत होतं, पण त्याचा अर्थ पुढच्या वर्षी कळला.

अजून एक गोष्ट सांगायला पाहिजे. २०२१ च्या जुलैपासून पैसे यायची पद्धतच बदलली. आधी अनुदान शाळेच्या खात्यात जमा व्हायचं आणि मुख्याध्यापक आणि एसडीएमसी अध्यक्षांच्या सहीनं चेक फाडता यायचा, थोडं उरलं तर पुढं वापरता यायचं. त्यानंतर राज्याचं एकच मुख्य खातं आणि शाळेचं खातं झिरो बॅलन्स. शाळेला पैसे दिसत नाहीत, खर्चाची लिमिट दिसते. पीएफएमएस ह्या सरकारी पेमेंटच्या ऑनलाइन पोर्टलवर दुकानदाराची वेंडर म्हणून एन्ट्री करायची, ती मंजूर झाली की पेमेंटचा कागद निघतो, त्यावर सह्या करून बँकेत द्यायचा, मग रक्कम सरळ दुकानदाराच्या खात्यात. ३१ मार्च झाला की उरलेली लिमिट गेली. जुन्या खात्यात आमचे ११ हजार आणि काही रुपये पडून होते तेही व्याजासकट परत करायला लागले. हिशोब सरळ राहावा म्हणून ही पद्धत चांगली आहे असं मी आजही म्हणतो. पण ती चालायला पैसे वेळेवर यायला पाहिजेत, आणि ते येत नाहीत.

अडचण

जूनमध्ये एसडीएमसीच्या मीटिंगला यादी केली. कौलं आणि लाकूडकाम नवीन मालानं केलं तर ६४,७०० (१२०० कौलं ३२ रुपयांनी, वर कोनी कौलं, रिपा-वासे, मजुरी). मुलींच्या संडासाचं दार आणि भांडं १४,०००. पाण्याची टाकी आणि पाईप ६,५००. सातवीला १० बेंच, एक ३,२०० प्रमाणं ३२,०००. थकलेलं लाईट बिल ४,३००. खडू, रजिस्टरं वगैरे ३,२००. स्वच्छतेचं ५,०००. सगळं मिळून जवळजवळ १ लाख ३० हजार, आणि येणार ५० हजार.

त्यातले पहिले २५ हजार लिमिट म्हणून डिसेंबरात दिसले. लाईट बिल, स्वच्छता, खडू-रजिस्टर असं १२,५०० चं भागवलं आणि १२,५०० ठेवून दिले. उरलेले २५ हजार दिसले ३ मार्चला. सरकारी नोकरांचा १ मार्चचा संप नुकताच मिटलेला, पाचवीची बोर्डासारखी परीक्षा कोर्टात अडकलेली, होणार की नाही ह्यावर रोज एक नवा मेसेज, आणि समोर निवडणूक. म्हणजे ३७,५०० रुपये आणि हातात चार आठवडे.

पर्याय

पहिला पर्याय स्वतःच चालत आला. मार्चमध्ये शाळाशाळांतून फिरणारी माणसं असतात, मोटरसायकल, बॅगेत कॅटलॉग. नकाशे, खेळाचं किट, डिक्शनऱ्या, सॅनिटायझर, सगळं एका बिलात. तिन्ही कोटेशन तोच आणणार, वेंडर एन्ट्री त्याची झालेलीच असते, आठ दिवसांत पेमेंट. "सर, तुम्ही सही तेवढी करा, बाकीचं मी बघतो." खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी त्याला नाही म्हटलं नाही, बघू म्हटलं. कारण लिमिट परत गेली तर वरून विचारणा येते की खर्च का केला नाही, आणि चुकीच्या वस्तूवर खर्च केला तर कोणीच विचारत नाही. हा दबाव ज्यांनी सोसलाय त्यांनाच कळेल. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांच्या कपाटात न उघडलेली किटं पडलेली आहेत ती अशीच आलेली आहेत.

दुसरा, बेंच. एसडीएमसीतल्या बऱ्याच जणांचं मत बेंचकडं होतं. बेंच दिसतात, गावाला दाखवता येतात, बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनवाले भरपूर असल्यामुळं तीन खरी कोटेशन दोन दिवसांत मिळतात, बिल पक्कं, वाद नाही. पण गळक्या खोलीत नवीन बेंच नेऊन ठेवणार काय?

तिसरा, छप्पर. पण नवीन मालानं ६४,७०० कुठून आणायचे. मोठ्या दुरुस्तीचा प्रस्ताव वेगळ्या हेडखाली इंजिनिअरमार्फत जातो, तो आम्ही दोन वर्षं पाठवत होतो, फाईल कुठं आहे ते कळत नव्हतं.

चौथा पर्याय संडास आणि टाकीपुरता, ग्रामपंचायत. १५ व्या वित्त आयोगाचा जो निधी तेव्हा पंचायतीला यायचा त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असायचा. शाळेचा संडास, शाळेची टाकी त्यात बसायची. कंपाऊंड किंवा मैदान असेल तर रोजगार हमीत बसायचं. हे मला आमच्या पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी सांगितलं, तेही सहज, चहा पिताना. "सर, हे तुम्ही ऑक्टोबरच्या ग्रामसभेत का दिला नाही?" मला माहीतच नव्हतं, म्हणून दिलं नाही.

निर्णय कुठं अडला

एसडीएमसी अध्यक्षा एका विद्यार्थ्याची आई, स्वतः सातवीपर्यंत ह्याच शाळेत शिकलेल्या. मीटिंगमध्ये कॅटलॉगवाल्याचा विषय निघाला, त्याचे कागद त्यांच्या पुढं ठेवले. कागद कन्नडमध्ये. त्या म्हणाल्या, "सर, मला जे वाचाय येत नाही त्याच्यावर मी सही कशी करू?" नंतर थोडं थांबून, "आणि हे मागवलंय कोणी?"

तिथंच तो पर्याय संपला. पण त्यांच्या पहिल्या वाक्यानं दुसरा प्रश्न उभा केला, तो जास्त महत्त्वाचा होता. आमचं ठराव बुक पहिल्यापासून मराठीत. वरच्या ऑफिसातून, ऑडिटवाल्यांकडून दरवेळी यायचं की ठराव कन्नडमध्ये द्या, आम्हाला वाचता येत नाही. त्यांचंही खरं आहे, राज्याचा कारभार कन्नडमध्ये चालतो आणि तपासणाऱ्याला कागद वाचता आलाच पाहिजे. पण कायद्यानं त्या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका आहेत, त्यांनाही आपण काय ठरवलं ते वाचता आलं पाहिजे. नुसतं कन्नड केलं तर पालक आंधळी सही करणार, नुसतं मराठी ठेवलं तर बिल अडकणार. मग असं केलं, ठराव बुकाच्या डाव्या पानावर मराठीत पूर्ण ठराव, उजव्या पानावर आमच्या कन्नडच्या बाईंनी केलेलं भाषांतर, रकमा दोन्हीकडं आकड्यात आणि अक्षरात, सह्या दोन्ही पानांवर. बाईंना जास्तीचं काम पडलं, पण त्या एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. त्या दिवसानंतर भाषेमुळं एकही कागद परत आला नाही.

काय केलं

छप्पर ठरलं. पैशाचं गणित सोडवलं सुतारानं. तो म्हणाला नवीन कौल घेऊच नका, नवीन कारखान्याच्या कौलाची खाच जुन्याला बसत नाही, फटीतनं पाणी येतंच, अख्खं छप्पर बदललं तरच नवीन चालतं. शेजारच्या गावात दोन जुनी घरं पाडून स्लॅब घालायचं चाललेलं, तिथली कौलं आमच्याच मेकची. ९ रुपयाला एक. १२०० कौलांचे १०,८०० झाले, ३८,४०० च्या जागी.

आता सरकारी पैशातनं जुना माल घ्यायचा म्हटल्यावर प्रत्येकजण घाबरवतो. जीएसटी बिल नाही, ऑडिटला काय दाखवणार? मी दोन दिवस ह्यावर अडलो. मग शांतपणे बघितलं. सरकारी खरेदीचा कर्नाटकातला केटीपीपी कायदा १९९९ चा, छोट्या रकमांच्या खरेदीला त्यातल्या ४ (ई) कलमाखाली टेंडरमधून सूट आहे, आमची रक्कम त्यात येते. आणि आपलं घर पाडून कौलं विकणारा माणूस जीएसटीत नोंदवलेला नसतो, त्याला तसलं बिल द्यायचं बंधनच नाही. पाहिजे असते ती पावती: कोणी, काय, किती, काय दरानं विकलं, सही, ५ हजाराच्या वर असेल तर १ रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प, आणि पैसे त्याच्या बँक खात्यात.

तीन दर घेतले, दोन घरमालकांचे आणि जुनं लाकूड-कौलं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचा, साध्या कागदावर पण सही-तारखेसकट. तुलना तक्ता केला. ठरावात जुनीच कौलं का, ते कारण चार ओळींत लिहिलं आणि नवीन मालाचं कोटेशनही शेजारी जोडलं, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. सीआरपींना (आसपासच्या शाळा बघणाऱ्या क्लस्टर रिसोर्स पर्सनना) बोलावून गळक्या खोल्या दाखवल्या, त्यांनी व्हिजिट बुकात शेरा लिहिला. कामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो काढले. पुढं ऑडिटला ह्या कौलांवर एक शब्द निघाला नाही. ऑडिटरनं कारणाच्या त्या चार ओळी दोनदा वाचल्या आणि पान उलटलं.

बाकी कोनी कौलं नवीन २,१००, सॉ मिलमधून रिपा आणि तीन वासे १२,६००, सुतार आणि दोन गड्यांची मजुरी ११,६००. एकूण ३७,१००. काम ९ मार्चला सुरू झालं, १८ ला संपलं, गावातल्या पोरांनी मधल्या रविवारी कौलं उतरवायला मदत केली, त्याची मजुरी लावली नाही.

काय चुकलं

काम झालं आणि पेमेंट अडकलं. वेंडर एन्ट्र्या काम संपल्यावर, २० मार्चला टाकल्या, ही माझी चूक. २२ ला पाडवा. २४ ला बघितलं तर कौलवाला आणि दोन्ही दुकानदार मंजूर, सुतार रिजेक्ट. त्याचं पासबुक सिंडिकेट बँकेचं, जुनं. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात विलीन झाली आणि जुने आयएफएससी कोड १ जुलै २०२१ पासून बंद. सुतार नेहमी काऊंटरवर जाऊन पैसे काढणारा, त्याला कधी कळायचं कारणच नाही, खातं तेच, शाखा तीच, नुसता कोड बदललेला. बेळगाव भागात गावोगावी सिंडिकेटची खाती होती, त्यामुळं असली पासबुकं अजून ट्रंकांत आहेत.

२७ ला नवीन कोड घालून परत एन्ट्री केली. त्याच दिवशी पाचवीची परीक्षा सुरू झाली, मी सुपरव्हिजनला. एन्ट्रीची मंजुरी दुसऱ्या लॉगिनमधून होते, तिथली माणसंही परीक्षेच्या आणि इलेक्शनच्या कामात. २९ ला विधानसभेची तारीख जाहीर झाली, आचारसंहिता लागली. ३० ला वेंडर मंजूर झाला आणि पेमेंट करायला गेलो तर लिमिट शून्य, वरून परत घेतलेली. सुताराचे ११,६०० आणि शिल्लक ४००, असे १२ हजार गेले.

५ एप्रिलला मीटिंग. कोणी म्हणालं पुढच्या वर्षीच्या अनुदानात नवीन तारखेचं बिल घालू. ते खोटं बिल झालं असतं, नको म्हटलं. कोणी म्हणालं बिसी ऊटाच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) पैशातनं तात्पुरतं काढू. ते मुलांच्या ताटातले पैसे, विषयच नाही. शेवटी लोकवर्गणी. गावातनं ७,४०० जमले, उरलेले ४,२०० आम्ही शिक्षकांनी घातले. पावत्या फाडल्या, ठराव बुकात दोन्ही पानांवर लिहिलं, आणि २० एप्रिलला सुताराला पूर्ण पैसे दिले. तोपर्यंत त्यानं एकदाही तगादा लावला नाही, "पैसे कुठं पळून जातात काय सर, पावसाच्या आधी द्या म्हणजे झालं," एवढंच. पण मला ते लागलं. हातावर पोट असलेल्या माणसाला सरकारी शाळेच्या कामाचे पैसे महिनाभर थांबायला लागावेत आणि शेवटी शिक्षकांच्या पगारातनं आणि गावाच्या खिशातनं निघावेत, हे बरोबर नाही, आणि ह्याला उदारपणा म्हणून कोणी कौतुक करू नये.

परिणाम

त्या जूनपासून दोन्ही खोल्या कोरड्या आहेत. पावसात एका कोपऱ्यात ओल आली होती, सुतारानं येऊन एक कौल सरकवलं.

संडास आणि टाकीचा अर्ज पीडीओंना मार्चमध्येच दिला होता, पण आचारसंहितेत नवीन काम सुरू करता येत नाही, १० मेचं मतदान, मग नवीन सरकार, मग पंचायतीची आपली कामं. ऑगस्टमध्ये, भर पावसात, दार आणि भांडं बसलं. म्हणजे मुलींनी अजून एक अर्धा पावसाळा तसाच काढला. आमच्या यादीतली सगळ्यात तातडीची गोष्ट खरं तर हीच होती आणि आम्ही ती दुसऱ्याच्या निधीवर सोडली. पैशाच्या हिशोबानं निर्णय बरोबर होता, तरी त्या मुलींना विचारलं असतं तर त्यांनी छप्पर आधी म्हटलं असतं काय, हे मला आजही सांगता येत नाही. मीटिंगमध्ये त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढच्या वर्षी पट ९७ झाला. इंग्लिश मीडियमची गाडी गावात यायला लागली आणि दोन-तीन घरं कामाला गोव्याला गेली. गोव्याला गेलेल्या मुलांची नावं पटावर तशीच ठेवूया, अनुदान वाचेल, असं एकानं सुचवलं. ठेवली नाहीत. ती मुलं तिकडं शाळेत गेली तर दाखला इथं अडकणार, आणि खोट्या पटावर शिक्षकांची पदं, दूध, अंडी सगळंच खोटं होत जातं. अनुदान २५ हजारावर आलं. २०२३ च्या कर्नाटक राज्योत्सवाला (१ नोव्हेंबर) सरकारी शाळांना वीज-पाणी मोफत जाहीर झालं, तेवढी यादीतली लाईट बिलाची ओळ कमी झाली.

आता काय वेगळं करीन

वेंडर एन्ट्र्या जूनमध्ये, पैसे यायच्या आधी. सुतार, गवंडी, प्लंबर, स्टेशनरीवाला, सॉ मिल, जे जे लागू शकतात ते सगळे. नवीन प्रिंट मारलेलं पासबुक किंवा कॅन्सल चेकच घ्यायचा, जुन्या पासबुकाच्या झेरॉक्सवर विश्वास ठेवायचा नाही. रिजेक्ट झालं तर दुरुस्त करायला आठ महिने असतात. आणि मजुरी मालाच्या आधी भागवायची. माझ्याकडं १२,५०० ची लिमिट डिसेंबरपासून पडून होती, सुताराचं नाव आधीच मंजूर असतं तर काम संपलं त्याच आठवड्यात त्याचे पैसे गेले असते, आणि काही अडलंच असतं तर दुकानदाराचं अडलं असतं, तो महिनाभर काढू शकतो.

ठरावाची भाषाही बदलली. आधी आम्ही पैसे आल्यावर ठराव करायचो. आता जुलैमध्येच क्रम लावून ठराव, पहिलं काम हे, एवढ्या रकमेपर्यंत, पैसे कमी आले तर दुसरं हे. मार्चमध्ये कॅटलॉग घेऊन कोणी आलं तर ते पान त्याला दाखवता येतं.

पंचायतीचा अर्ज २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आधी. तोंडी नाही, लेखी, पोच घेऊन, मराठी-कन्नड दोन्हीत. रोजगार हमीचा आराखडा त्याच सुमाराला बनायला लागतो, त्यात नाव नसलं तर वर्ष गेलं. पीडीओंशी ओळख असणं चांगलं, पण पीडीओ बदलतात, पोच राहते.

बेंचचं म्हणाल तर डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आठ बेंच करून पाठवले. दहा पाहिजे होते, पण पट कमी झाल्यामुळं आठ पुरले. स्टॉक रजिस्टरला अध्यक्षाबाईंनी स्वतः ओळ वाचली, मोजले आणि सही केली.